घटक ५ : धुराड्यातील कणांचे मापन आणि अहवालाची भाषा

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• धूर, धूळ, राख, काजळी हे व्यवहारातील शब्द आणि ‘कणरूप द्रव्य’ ही संज्ञा यांतील फरक सांगता येईल.
• कारखान्याच्या धुराड्यातून नमुना कसा घेतात, हे स्वतःच्या शब्दांत मांडता येईल.
• उत्सर्जनाच्या आकड्याला जोडलेल्या अटी ओळखता येतील.
• मापन-अहवालाचा अर्थ न बदलता त्याचा मराठी सारांश लिहिता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण अर्ज, इतिवृत्त, बातमी हे लेखनप्रकार पाहिले. प्रस्तुत घटकात तांत्रिक अहवालाच्या भाषेचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी कारखान्याच्या धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या कणांचे मापन हा विषय निवडला आहे. हा विषय अभियंत्यांचा आहे, मराठीच्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

संबंध असा : पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार, ज्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी आवश्यक असते, त्यांच्या अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही उपलब्ध करून द्यावा लागतो. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी, एकलहरे अशा औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात किंवा एखाद्या साखर कारखान्याच्या शिवारात राहणारा माणूस मूळ इंग्रजी अहवाल क्वचितच वाचतो. त्याच्या हाती पडतो तो मराठी सारांश किंवा वर्तमानपत्रातील चार ओळींची बातमी. त्या चार ओळींत जे गळले, ते त्याच्यापुरते मूळ अहवालातूनही गळलेच. म्हणून सारांश लिहिणाऱ्याची जबाबदारी केवळ भाषांतराची नसते. एका समूहाला काय कळावे आणि काय कळू नये, हे त्याच्या लेखणीवर ठरत असते.

या घटकाचे मुख्य प्रतिपादन एका वाक्यात सांगता येईल. उत्सर्जनाचा आकडा हे एक विधान असते. कोठे, केव्हा, कोणत्या पद्धतीने, कोणत्या स्थितीत आणि कोणी, हे त्याचे घटक उच्चारले गेले, तरच ते पूर्ण होते.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ कशाचे मापन?

आपल्या बोलीत हवेतील कणांसाठी शब्दांची वाण नाही. चुलीतून निघतो तो धूर, वाटेवर उडते ती धूळ, गाडी गेल्यावर उठतो तो धुरळा, भिंतीवर बसते ती काजळी आणि जळून उरते ती राख. हे शब्द उगमावरून आणि अनुभवावरून घडले आहेत. डोळ्यांना, नाकाला किंवा हाताला जे जाणवते, त्याला ते नाव देतात.

शास्त्रीय संज्ञा वेगळ्या गरजेतून जन्मते. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर वाहत येणारे सर्व घन कण, मग ते राखेचे असोत, काजळीचे असोत वा कच्च्या मालाच्या भुकटीचे, त्यांना एकत्रितपणे ‘कणरूप द्रव्य’ म्हणतात. मराठी अहवालांत व बातम्यांत ‘धूलिकण’ हा शब्दही रूढ आहे. तो सोपा आहे. मात्र ‘धूलि’ या शब्दामुळे वाचकाच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरची धूळ उभी राहते. म्हणून अहवालात तो वापरताना पहिल्या उल्लेखाच्या वेळी त्याचा अर्थ एकदा स्पष्ट करावा.

‘उत्सर्जन’ या शब्दाबाबतही सावधगिरी हवी. जीवशास्त्रात शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याच्या क्रियेला उत्सर्जन म्हणतात. पर्यावरणविषयक लेखनात कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांसाठी तोच शब्द वापरतात. संदर्भ स्पष्ट असेल तर अडचण येत नाही.

५.३.२ नजरेपासून तराजूपर्यंत

धुराविषयीचे जुने कायदे ‘उपद्रव’ या कल्पनेवर आधारलेले होते. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवासंबंधीचा कायदा १९१२ साली झाला. उपद्रव ठरवायचा तर धूर किती काळा, किती दाट, हे आधी ठरवावे लागते. आणि ‘काळा’, ‘दाट’ ही विशेषणे माणसागणिक बदलतात.

हा प्रश्न सोडविण्यासाठी फ्रान्समधील माक्सिमिलियँ रिंगेलमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक साधा तक्ता तयार केला. पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या रेषांच्या जाळ्या काढल्या, आणि प्रत्येक पायरीला काळ्या भागाचे प्रमाण २० टक्क्यांनी वाढविले. ० म्हणजे पूर्ण पांढरा, ५ म्हणजे पूर्ण काळा. दुरून पाहिले असता रेषा एकमेकींत मिसळतात व करड्या रंगाच्या छटा दिसतात. त्या छटांशी धुराची तुलना करावयाची. अशा रीतीने विशेषणाच्या जागी क्रमांक आला.

तरीही मोजमाप नजरेवरच अवलंबून राहिले. रात्री तक्ता निरुपयोगी ठरतो. मागचे आकाश ढगाळ असेल तर तोच धूर वेगळा भासतो. धुराड्यातून निघणारी पांढरी वाफ पाहून लोक घाबरतात, पण त्या पांढरेपणाचे कारण पाण्याचे थेंब असू शकतात. उलट अतिसूक्ष्म कण विरळ असले तर डोळ्यांना दिसतही नाहीत. ‘धूर दिसत नाही, म्हणजे प्रदूषण नाही’ हे विधान त्यामुळे टिकत नाही. कण पकडून त्यांचे वजन करणे, हाच खात्रीचा मार्ग उरतो.

५.३.३ नमुना कसा घेतात?

भारतात धुराड्यातील कणरूप द्रव्य मोजण्याची पद्धत भारतीय मानक ११२५५, भाग १ मध्ये दिलेली आहे. तिचे तत्त्व सोपे आहे. धुराड्यातील वायूचा ठरावीक भाग नळीने ओढून घ्यायचा, तो गाळणीतून न्यायचा, गाळणीवर साचलेल्या कणांचे वजन करायचे आणि ओढलेल्या वायूच्या आकारमानाने त्या वजनाला भागायचे. गाळणी बहुधा शिंप्याच्या अंगुस्तानाच्या आकाराची असते. प्रयोगशाळेत तिला ‘थिंबल’ म्हणतात.

तत्त्व सोपे असले तरी तीन गोष्टी नीट न सांभाळल्यास उत्तर चुकते.

पहिली गोष्ट जागेची. धुराड्याच्या वळणाजवळ किंवा पंख्याजवळ वायू भोवऱ्यासारखा फिरतो. म्हणून नमुना घेण्याचे छिद्र शक्यतो अशा ठिकाणी ठेवतात, की मागील अडथळ्यापासून ते धुराड्याच्या व्यासाच्या आठपट आणि पुढील अडथळ्यापासून दुप्पट अंतरावर असेल. धुराड्याचा आतील व्यास १.५ मीटर असेल तर ही अंतरे अनुक्रमे १२ मीटर व ३ मीटर होतात.

दुसरी गोष्ट बिंदूंची. धुराड्याच्या मध्यभागी आणि कडेला वायूचा वेग सारखा नसतो. म्हणून एकाच बिंदूवर नळी न ठेवता व्यासावरील अनेक बिंदूंवर ती क्रमाने सरकवावी लागते. प्रत्येक बिंदूवरील वेग पिटो नळी या साधनाने दाबाच्या फरकावरून काढतात.

तिसरी गोष्ट वेगाची. आणि हीच सर्वांत महत्त्वाची. नळीच्या तोंडाशी वायू ज्या वेगाने ओढला जातो, तो वेग धुराड्यातील वायूच्या वेगाइतकाच असला पाहिजे. यास ‘समवेगी नमुनाग्रहण’ म्हणतात. ओढ मंद असेल तर वायूचा काही भाग नळीला वळसा घालून निघून जातो. पण जड कण वळू शकत नाहीत, ते सरळ नळीत शिरतात. परिणामी वायूच्या मानाने कण अधिक सापडतात व आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. ओढ जास्त असेल तर आजूबाजूचा वायूही वळून नळीत येतो. पण त्यातील जड कण आपल्या वाटेने पुढे निघून जातात. मग आकडा खऱ्यापेक्षा लहान येतो. दोन्ही वेळा यंत्र नादुरुस्त नसते, वजनही बरोबर असते. तरी उत्तर चुकीचे असते. म्हणून चांगल्या अहवालात समवेगाची टक्केवारी दिलेली असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पाचव्या पद्धतीत ती ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान असावी लागते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
योग्य शब्द भरा :
(अ) ओढीचा वेग वायूच्या वेगापेक्षा जास्त ठेवल्यास आकडा खऱ्यापेक्षा ……… येतो.
(आ) रिंगेलमान तक्त्यातील क्रमांक ३ म्हणजे ……… टक्के काळा भाग.

५.३.४ आकड्यामागच्या अटी

आता एक उदाहरण घेऊ. ते केवळ अभ्यासासाठी रचले आहे. एका कारखान्यात ताशी २० टन वाफ निर्माण करणारा बॉयलर आहे. नमुना घेण्यापूर्वी गाळणीचे वजन १.२४५० ग्रॅम होते, नंतर ते १.३०५० ग्रॅम भरले. म्हणजे ६० मिलिग्रॅम कण साचले. सामान्य स्थितीत आणून मोजलेले कोरड्या वायूचे आकारमान ०.७५ घनमीटर होते. ६० ला ०.७५ ने भागले असता ८० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर हे उत्तर येते.

येथे ‘सामान्य’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. बोलीत ‘सामान्य’ म्हणजे नेहमीचे, विशेष नसलेले. तांत्रिक परिभाषेत त्याचा अर्थ काटेकोर आहे. वायू तापला की प्रसरण पावतो. धुराड्यात १५० अंश सेल्सिअसला असलेला वायू २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १.४ पट जागा व्यापतो. तेवढेच कण मोठ्या जागेत पसरले, तर प्रत्येक घनमीटरमागे ते कमी दिसतात. आपल्या उदाहरणातील ८० हा आकडा गरम वायूच्या प्रत्यक्ष घनमीटरमागे मांडला, तर सुमारे ५६ भरेल. ही गफलत टळावी म्हणून आकारमान एका ठरावीक तापमानाला व दाबाला आणून सांगतात. भारतातील उत्सर्जन-मापनात हे तापमान २५ अंश सेल्सिअस आणि दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका धरतात, व वायू कोरडा मानतात. युरोपात मात्र तापमान ० अंश धरले जाते. तेव्हा भारतीय ‘सामान्य’ घनमीटरमधील ५० मिलिग्रॅम हे युरोपीय ‘सामान्य’ घनमीटरमध्ये सुमारे ५५ मिलिग्रॅम होतात. शब्द एकच, अर्थात नऊ टक्क्यांचे अंतर.

दुसरी अट विरलीकरणाची आहे. धुराड्यात बाहेरची हवा शिरली, मग ती गळतीमुळे असो वा मुद्दाम सोडलेली असो, की कणांचे वजन तेवढेच राहते पण घनमीटरमागील प्रमाण घटते. ताकात पाणी घातल्याने लोणी कमी होत नाही, पण पेल्यातले ताक पातळ होते, तसेच हे. यावर उपाय म्हणून पर्यावरण (संरक्षण) नियमांतील लहान बॉयलरांच्या मानकात १२ टक्के कार्बन डायऑक्साइड ही संदर्भपातळी दिलेली आहे. मोजलेल्या आकड्याला १२ ने गुणून प्रत्यक्ष आढळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या टक्केवारीने भागावयाचे.

आपल्या उदाहरणात कार्बन डायऑक्साइड ६ टक्के आढळला असे समजू. तर ८० × १२ ÷ ६ = १६०. ताशी १५ टन वा अधिक वाफेच्या बॉयलरसाठी या मानकात १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे ‘८०’ वाचून जो कारखाना मर्यादेच्या बराच आत वाटत होता, तो प्रत्यक्षात मर्यादेबाहेर आहे. ‘८०’ हा आकडा खोटा नव्हता. तो अपुरा होता.

तिसरी अट चालू भाराची. नमुना घेताना बॉयलर पूर्ण क्षमतेने चालू होता की अर्ध्या, इंधन कोळसा होते की बगॅस, राख पकडणारी यंत्रणा नेहमीप्रमाणे चालू होती का, हे अहवालात नसेल, तर तो आकडा त्या एका तासापुरताच खरा ठरतो.

५.३.५ मर्यादेची भाषा

मर्यादा अनेक असतात. औष्णिक वीजकेंद्रांसाठी ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने कणरूप द्रव्याच्या तीन मर्यादा घालून दिल्या : २००३ अखेरपर्यंत बसविलेल्या संचांसाठी १००, त्यानंतर २०१६ अखेरपर्यंतच्या संचांसाठी ५० आणि १ जानेवारी २०१७ पासूनच्या संचांसाठी ३० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर. ७० हा आकडा जुन्या संचाला चालतो, नव्या संचाला चालत नाही. शिवाय राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ एखाद्या कारखान्याच्या संमतिपत्रात याहून कडक मर्यादा घालू शकते. म्हणून ‘मर्यादा पाळली’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. कोणती मर्यादा, हेही लिहावे.

दुसरा गोंधळ दोन वेगळ्या मापांचा. धुराड्याच्या आतील प्रमाण मिलिग्रॅममध्ये सांगतात. आपण श्वासावाटे घेतो त्या परिसरीय हवेतील प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये सांगतात; १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार परिसरीय हवेत १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे २४ तासांचे प्रमाण १०० मायक्रोग्रॅम आणि २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा आहे. धुराड्याचा आकडा गावच्या हवेच्या मर्यादेशी किंवा गावच्या हवेचा आकडा धुराड्याच्या मर्यादेशी ताडून पाहणे सर्वस्वी चूक होय.

तिसरी बाब व्याकरणाची. पुढील तीन वाक्ये पाहा :
(१) प्रमाण १५० पेक्षा जास्त नसावे.
(२) प्रमाण १५० पेक्षा जास्त नाही.
(३) प्रमाण १५० पेक्षा जास्त नसेल.
पहिले वाक्य विध्यर्थी आहे. ते नियम सांगते. दुसरे निरीक्षण सांगते. तिसरे अंदाज सांगते. अहवालाचा सारांश लिहिताना तिसरे रूप दुसऱ्याच्या जागी किंवा दुसरे तिसऱ्याच्या जागी आले, तर एका शब्दाच्या फरकाने निरीक्षणाचा अंदाज किंवा अंदाजाचे निरीक्षण होते. त्याचप्रमाणे ‘१५० पर्यंत’ यात १५० समाविष्ट आहे, ‘१५० पेक्षा कमी’ यात नाही. ‘१५० च्या आसपास’ ही रचना मर्यादेच्या संदर्भात कधीही वापरू नये.

५.३.६ विधान कोणाचे?

‘नमुना घेण्यात आला’, ‘तपासणी करण्यात आली’ ही कार्यालयीन मराठीची आवडती वळणे आहेत. त्यांत कर्ता दिसत नाही. एरवी हे खपून जाते; येथे मात्र कर्ता हा अर्थाचा भाग असतो. याचा पुरावा गुजरातेतील एका अभ्यासातून मिळतो.

अहमदाबाद व सुरत परिसरातील ४७३ कारखान्यांवर एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे कारखान्याच्या प्रदूषणाची तपासणी करणारा लेखापरीक्षक कारखानाच निवडत असे व त्याचे शुल्कही कारखानाच देत असे. अशा अहवालांनुसार कणरूप द्रव्याची मर्यादा ओलांडणारे कारखाने केवळ ७ टक्के होते. स्वतंत्र फेरतपासणीत ते ५९ टक्के आढळले. अहवालांतील आकडे १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या किंचित खाली दाटीने जमलेले होते.

प्रयोगात निम्म्या कारखान्यांसाठी व्यवस्था बदलली. परीक्षक सोडतीने नेमले, त्यांचे शुल्क सामायिक निधीतून दिले आणि त्यांच्या कामाची फेरतपासणी सुरू केली. खोट्या ‘मर्यादेच्या आत’ अहवालांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले, आणि पुढे कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. मोजण्याची यंत्रे तीच होती. बदलले होते ते बोलणाऱ्याचे आणि पैसे देणाऱ्याचे नाते.

भाषेच्या अभ्यासकाने यातून एवढे घ्यावे : व्याकरणशुद्ध वाक्य सत्य असतेच असे नाही. म्हणून सारांशात ‘नमुना घेण्यात आला’ असे न लिहिता, कोणी घेतला, कोणाच्या सांगण्यावरून घेतला आणि कोणाच्या उपस्थितीत घेतला, हे लिहावे.

५.३.७ सारांशलेखन

आपल्या उदाहरणाचे दोन सारांश पाहू.

सारांश (अ) : कारखान्याच्या धुराड्याची तपासणी करण्यात आली असून कणरूप द्रव्याचे प्रमाण ८० मिलिग्रॅम आढळले. ते १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या आत आहे.

सारांश (आ) : कारखान्याने नेमलेल्या प्रयोगशाळेने, बॉयलर पूर्ण भाराने चालू असताना, बॉयलरच्या धुराड्यातून समवेगी पद्धतीने नमुना घेतला. कणरूप द्रव्याचे प्रमाण ८० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर आढळले. त्या वेळी वायूत कार्बन डायऑक्साइड ६ टक्के होता. नियमाप्रमाणे १२ टक्क्यांच्या संदर्भपातळीला आणल्यावर हे प्रमाण १६० मिलिग्रॅम होते. १५० मिलिग्रॅमची मर्यादा त्यामुळे ओलांडली जाते.

पहिला सारांश छोटा आणि सफाईदार आहे. त्यातील ‘८०’ हा आकडाही मूळ अहवालात सापडेल. परंतु त्याचा निष्कर्ष उलटा आहे, आणि तो वाचून जनसुनावणीला गेलेला शेतकरी हातात काहीही नसल्यासारखा उभा राहील. दुसऱ्यात मोजकी वाक्ये वाढली. पण त्या वाक्यांनी त्याला प्रश्न विचारण्याचे साधन दिले. थोडक्यात लिहिणे हा सारांशाचा गुण खरा. तथापि अटी गाळून साधलेला थोडकेपणा अर्थाची हानी करतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
एका तपासणीत गाळणीवर ४५ मिलिग्रॅम कण साचले. सामान्य स्थितीतील कोरड्या वायूचे आकारमान ०.९ घनमीटर, तर कार्बन डायऑक्साइड ८ टक्के होता. १२ टक्के संदर्भपातळीला प्रमाण किती? १५० ची मर्यादा पाळली गेली का?

५.४ सारांश

कारखान्याच्या धुराड्यातील कणरूप द्रव्य मोजताना योग्य जागा, अनेक बिंदू आणि समवेग ही पथ्ये पाळावी लागतात. मिळालेला आकडा सामान्य तापमान-दाबाला व संदर्भपातळीला आणल्याशिवाय मर्यादेशी ताडून पाहता येत नाही. मर्यादा उद्योगानुसार, संचाच्या वयानुसार व संमतिपत्रानुसार बदलते. अहवालाची विश्वसनीयता तो कोणी तयार केला, यावरही अवलंबून असते. मराठी सारांश लिहिणाऱ्याने आकड्याबरोबर त्याच्या अटी आणि कर्ता यांचा उल्लेख केला पाहिजे.

५.५ पारिभाषिक शब्द

कणरूप द्रव्य : वायूबरोबर वाहणारे सर्व घन कण.
समवेगी नमुनाग्रहण : वायूच्या वेगाइतक्याच वेगाने नमुना ओढण्याची रीत.
सामान्य घनमीटर : ठरावीक तापमान व दाबाला आणलेले एक घनमीटर आकारमान.
संदर्भपातळी : विरलीकरणाचा परिणाम वगळण्यासाठी ठरविलेली वायूची टक्केवारी.
परिसरीय हवा : कारखान्याबाहेरील, लोक श्वासावाटे घेतात ती हवा.
संमतिपत्र : उद्योग उभारण्यास वा चालविण्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाने अटींसह दिलेली लेखी संमती.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) कमी (आ) ६०
प्रश्न २ : ४५ ÷ ०.९ = ५०; ५० × १२ ÷ ८ = ७५ मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर. होय, मर्यादा पाळली गेली.

५.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘उत्सर्जनाचा आकडा हे एक विधान असते’ हे प्रतिपादन सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘नसावे’, ‘नाही’, ‘नसेल’ या क्रियारूपांमुळे अहवालाच्या अर्थात पडणारा फरक लिहा.
३. सारांश (अ) मध्ये गाळलेल्या बाबींची यादी करा व प्रत्येक बाब गाळल्याचा परिणाम सांगा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील हवाप्रदूषणाविषयीची एक मराठी बातमी मिळवा. तिच्यातील प्रत्येक आकड्यासमोर कोठे, केव्हा, कसे, कोणत्या स्थितीत आणि कोणी, हे पाच रकाने आखा. भरलेले व रिकामे रकाने मोजून आपले निरीक्षण एका पानात लिहा.